पहिलीच वेळ, पाचवा आठवडा चालू आहे, घरी कधी आणि कुणाला सांगायचं?

धायरीकर_दोघं

नमस्कार, मी इथे नुसती वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ. गेल्या मंगळवारी सकाळी टेस्ट केली आणि दोन रेषा आल्या. दुसरी इतकी फिकट होती की मला वाटलं हवीय म्हणून दिसतेय, मग नवऱ्याला उठवलं, तो ती पट्टी घेऊन गॅलरीत उजेडात गेला, मोबाइलवर फोटो काढून मोठा करून बघत बसला आणि आत आला तेव्हा त्याला बोलताच येईना. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातलं दीड वर्ष आम्ही वाट बघतोय, दर महिन्याला पाळी आली की दोघं एकमेकांना काही न बोलता कामाला लागायचो, त्यामुळे ह्या वेळी सहा दिवस पुढे गेली तरी मी त्याला सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो सातारी कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा बॉक्स घेऊन आला आणि दारातच थांबला, कारण द्यायचे कुणाला? कुणाला सांगायचं नाही असं सकाळीच ठरलं होतं. तो बॉक्स आता फ्रीजमध्ये भाजीच्या ट्रेमध्ये मेथीखाली ठेवलाय, रोज रात्री एक काढतो आणि अर्धा अर्धा खातो.

डॉक्टरकडे जाऊन आलो, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात त्यामुळे आज पाच आठवडे तीन दिवस. पुढच्या शनिवारी सोनोग्राफीला बोलावलंय.

आता प्रश्न असा की अकरा दिवसांनी गणपती. सासर देवरुखजवळ, घरचा गणपती आहे, सगळी भावकी जमते, जवळजवळ तीस माणसं. आदल्या दिवशी हरतालिका आणि आमच्याकडे सगळ्या बायका निर्जळी धरतात, मीही दोन वर्षं धरली. ह्या वेळी पाणी प्यायले तर स्वयंपाकघरात पहिल्या पाच मिनिटांत कळणार. नवऱ्याचं म्हणणं, आईला आत्ताच फोनवर सांगू. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून सासूबाई गप्प झाल्यात आणि ह्याचा त्यांना रोज रात्री आठला फोन असतो, तो म्हणतो मला आईशी बोलताना हे लपवताच येत नाही, आवाजावरून तिला कळतं. मला त्याचं पटतं.

पण माझ्या ताईचं मागच्या वर्षी नवव्या आठवड्यात गेलं. तिने पाचव्याच आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं, बार्शीपासून सोलापूरपर्यंत सगळ्यांना माहीत, आणि नंतर चार महिने तिला फोन येत होते, कसं झालं, काय उचललं होतंस, प्रवास केला होतास का. मी तिच्याजवळ होते तेव्हा, एकदा तिने फोन वाजताना उशीखाली सारला ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून मला तीन महिने होईपर्यंत कुणालाच सांगायचं नाही. ताईला तर अजिबातच नाही, तिला काय वाटेल ह्या विचाराने मला झोप लागत नाही.

तुम्ही कधी सांगितलंत? आणि आधी कुणाला?

बारामतीकरीण

आधी तुमचं दोघांचं खूप खूप अभिनंदन गं! मेथीखालचे पेढे वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझं सांगते, मी हे कधी कुठे लिहिलेलं नाही. माझी पहिली वेळ, आम्ही तुझ्यासारखंच ठरवलं, तीन महिने कुणाला सांगायचं नाही. दहाव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते. क्युरेटिंग झालं, संध्याकाळी घरी आले, सासूबाईंना सांगितलं की पाळीचा त्रास होतोय म्हणून डॉक्टरकडे गेले होते. तिसऱ्या दिवशी नणंदेचं केळवण होतं घरी. चाळीस पानं. मी उभी राहून पुऱ्या लाटल्या, मध्ये दोन मिनिटं टेकले तर सासूबाई म्हणाल्या, आज काय एवढी दमलीस? त्यांची काही चूक नव्हती, त्यांना माहीतच नव्हतं. नवरा बाहेर पंगतीत वाढत होता आणि आत माझ्याकडे बघत होता, त्यालाही काही बोलता येत नव्हतं. जवळजवळ एक वर्षाने मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या रडल्या, म्हणाल्या अगं मी तुला लाटणं हातात घेऊ दिलं असतं का. माझी दोन पोरं आहेत आता पण ते केळवण माझ्या अंगातून गेलेलं नाही.

त्यामुळे तुला एकच विचारते. उद्या काही बिनसलं, देव न करो, तर त्या दिवशी तुला घरात कोण हवं असेल? त्यांना आज सांग. बाकीच्या तीस जणांना थांबू दे. ताईला चार महिने त्रास झाला तो सगळ्यांना सांगितल्यामुळे झाला, पण तेव्हा तू तिच्याजवळ होतीस ना, ते तुला माहीत होतं म्हणूनच होतीस.

आणि तीन महिने गप्प राहायचं म्हणतात तेही आपल्या आज्यांनी धरून पाळलेलं नाही हं. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. घरातल्या चार बायका, दार लोटून, ओटीत तांदूळ, नारळ, खण, ना वाजंत्री ना आमंत्रण. सातव्यात डोहाळजेवण होतं ते गावाला दाखवायला, चोरओटी मात्र फक्त घरच्यांत. म्हणजे थोड्यांनाच सांगायचं, ही सोय आपल्यात आधीपासून आहे.

सिस्टर_मिरज

अभिनंदन. मी स्टाफ नर्स आहे, १९ वर्षं झाली, त्यातली बरीचशी प्रसूती विभागात. थोडं कामाचं लिहिते.

हरतालिकेला निर्जळी अजिबात नको. उलट्यांचे दिवस सुरू होतात त्याच सुमाराला अंगातलं पाणी कमी होणं चांगलं नाही. दर्शन घे, पूजा कर, पाणी पी. फोलिक अॅसिडची गोळी सुरू केली असशीलच, नसेल तर आजच डॉक्टरांना विचार, बाळाचा मेंदू आणि मणका अगदी सुरुवातीला घडतो म्हणून ती पहिल्या तीन महिन्यांत महत्त्वाची. फिकट रेषेची काळजी करू नकोस, ते हार्मोन सुरुवातीला साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जातं, त्यामुळे पहिल्या दिवशी पुसट आलेली रेषा चार दिवसांनी ठसठशीत येते.

रक्तस्राव झाला, किंवा पोटात एकाच बाजूला जोरात कळ येऊन चक्कर आली तर गणपती असो की रात्रीचे दोन, लगेच दवाखान्यात जायचं. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो आणि त्यात वेळ घालवून चालत नाही. देवरुखला जाणार असशील तर तिथे जवळचं हॉस्पिटल कोणतं ते आधी बघून ठेवा, आणि घाटातून जायचं की नाही ते सोनोग्राफी झाल्यावर तुझ्या डॉक्टरांनाच विचार.

आता ताईबद्दल. हे तू तिला जमलं तर सांग. कळलेल्या गरोदरपणांपैकी शंभरातली साधारण दहा ते वीस अशी जातात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच गडबड झालेली असते. बादली उचलली म्हणून नाही, रिक्षात बसली म्हणून नाही, पपई खाल्ली म्हणून नाही. माझ्यासमोर टेबलावर पडलेली प्रत्येक बाई पहिला प्रश्न हाच विचारते, सिस्टर माझं काय चुकलं. आणि बाहेर नातेवाईकही तोच प्रश्न विचारत उभे असतात. मला त्याचा फार राग येतो.

बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवून घे, खासगीत दाखवत असलीस तरी आशाताईंकडे किंवा सरकारी दवाखान्यात नोंद करता येते, माता बाल कार्ड मिळतं. मातृ वंदना योजनेच्या पात्रतेत बसत असाल तर पहिल्या बाळासाठी ५००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. आणि बातमी फुटली की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणेल, मुलगाच होणार बघ, पोट सांगतंय. तिथल्या तिथे थांबवायचं. गर्भलिंग तपासण्यावर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं पण घरातल्या बोलण्यावर बंदी नाही, ती आपणच घालायची.

दापोलीचा_दादा

पुरुष म्हणून लिहितो, चालेल ना. तुमच्या नवऱ्याला वाचायला द्या.

आमच्या वेळी बायको म्हणाली होती थांबू, मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना फोनवर सांगून टाकलं, राहवलंच नाही. वडिलांना म्हटलं कुणाला सांगू नका. त्यांनी फक्त काकांना सांगितलं. काकांनी फक्त काकूंना. दोन तासांत भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फुलं आणि बाळाचे फोटो यायला लागले आणि बायको ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली असताना तिच्या मोबाइलवर ते आलं. ती आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही आणि ते बरोबरच होतं, कारण ती बातमी तिच्या पोटात होती, मी ती माझी समजून वाटली. मुलगी आता सहा वर्षांची आहे, सगळं छान आहे, पण ते आठवलं की अजून मला वाईट वाटतं.

म्हणून भावा, कधी सांगायचं ते वहिनी ठरवतील. एकदा त्यांनी हो म्हटलं की आईला कसं सांगायचं ते तू ठरव, आणि फोनही तूच कर. आणि उपवासाचं वहिनींवर टाकू नकोस. स्वयंपाकघरात जाऊन तू सांगायचं, ती ह्या वेळी उपवास करणार नाही, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. आमच्याकडे कोकणात मुलगा स्वयंपाकघरात जाऊन असं बोलत नाही, हे मला माहीत आहे. तरी बोल. बायकोने सांगितलं की तो वाद होतो.

लीड्सवाली

अभिनंदन! इकडे इंग्लंडमध्ये पहिलं स्कॅनच बाराव्या आठवड्याच्या आसपास असतं, त्याआधी मिडवाइफ नाव नोंदवते, प्रश्न विचारते, बाकी वाट बघायची. आम्ही स्कॅनचा फोटो हातात आल्यावरच नाशिकला आईला व्हिडिओ कॉल केला. सात आठवडे मी रोज उलट्या करत होते आणि आईला फोनवर म्हणत होते मजेत आहे. ती आल्याचा चहा, लिंबाची फोड, काहीतरी सांगू शकली असती, काही नाही तरी बोलली असती. दुसऱ्या वेळी मी तिला टेस्ट केल्या दिवशीच सांगितलं. एवढंच.

वाईची_आजी

बाळा, माझी नात मला हे वाचून दाखवते आणि मी सांगते ते ती लिहिते.

१९७९ साली मला पहिले दिवस गेले. तेव्हा लपवायचा प्रश्नच नव्हता, कारण आम्ही बाहेर बसायचो. महिन्याचे चार दिवस पडवीत, वेगळं ताट, वेगळं अंथरूण, शेजारच्या पोराला सुद्धा ठाऊक की आज ह्या घरातल्या सुनेला कावळा शिवलाय. मग ज्या महिन्यात मी पडवीत गेले नाही तेव्हा मी कुणाला सांगायच्या आधी आळीला कळलं. आडावर एक बाई म्हणाली, काय गं, ह्या महिन्यात दिसली नाहीस? आमच्या ह्यांना तर त्यांच्या आईकडून कळलं, माझ्याकडून नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि ती सगळ्यांच्या हातावर दिली, तेव्हा माझ्याही हातावर दिली, जशी काही मलाच बातमी दिली. मी एकोणीस वर्षांची होते. मला नवऱ्याला स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं, ते राहून गेलं. ते गेले त्याला आता नऊ वर्षं झाली.

तू तुझ्या नवऱ्याला उठवून सांगितलंस, तो उजेडात जाऊन बघून आला, हे किती चांगलं झालं. आता पुढचं पण तुमच्या दोघांच्या मनाने करा. दृष्टीबिष्टीची भीती कुणी घातली तर मीठमोहऱ्या ओवाळून टाक आणि गप्प बस, त्याने म्हणणाऱ्याचंही समाधान होतं.

आणि ताईला दुसऱ्या कुणाकडून कळू देऊ नकोस. थोरल्या बहिणीला ते लागतं. माझ्या धाकटीने माझ्यापासून लपवलं होतं, माझं दुसरं गेलं होतं तेव्हा. तिला वाटलं मला त्रास होईल. मला त्रास झाला तो तिने लपवल्याचा झाला.

फाइल_नंबर_सात

ऑफिसचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. एचआरला आत्ता सांगायची काही सक्ती नाही, पण एका विश्वासातल्या सीनियरला सांगून ठेवलेलं बरं पडतं, सकाळच्या उलट्यांमुळे उशीर होतो तेव्हा कामाला येतं. २०१७ पासून पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आधी घेता येतात, अट एवढीच की आधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं. गरोदर आहे म्हणून काढता येत नाही. आणि हे फार कमी जणींना माहीत असतं, गर्भपात झाला तरी ६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, डॉक्टरांचा कागद लागतो. बारामतीकरीण, तुमचं वाचून हे लिहावंसं वाटलं.

बारामतीकरीण

६ आठवडे? मी चौथ्या दिवशी ऑफिसला गेले होते.

धायरीकर_दोघं

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा, आठ दिवसांत खूप काही झालं. नवऱ्याने सगळं वाचलं, दादांचं तर दोनदा.

आधी आजींना सांगते. तुमचं वाचलं त्याच रात्री मी ताईला फोन केला. मी खूप जुळवाजुळव करून ठेवली होती, आधी हे बोलू मग ते बोलू, पण तिने उचलल्यावर मला फक्त "ताई, मला दिवस गेलेत" एवढंच म्हणता आलं. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग तिने विचारलं, गोळ्या सुरू केल्यास का, आणि कितवा आठवडा. आणि मग चाळीस मिनिटं ती बोलत होती, मागच्या वर्षीचं, जे तिने मला तिच्याजवळ असताना पण सांगितलं नव्हतं. ती म्हणाली मला फोन करणाऱ्यांचा राग नव्हता गं, मला राग ह्याचा होता की सगळे काय केलंस विचारत होते, कशी आहेस कुणी विचारलंच नाही. मी तिला सिस्टरांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, शंभरातल्या दहा ते वीस आणि बादली वगैरे. तिने परत वाचायला लावलं. नंतर म्हणाली पाठव मला ते, ह्यांना पण दाखवते. सिस्टर, तुमचे खूप आभार.

शनिवारी सोनोग्राफी झाली. साडेसहा आठवडे. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला आणि एक बारीक ठिपका दाखवला, तो लुकलुकत होता, ११८ ठोके म्हणाल्या. नवऱ्याने माझा पाय धरून ठेवला होता, टेबलाच्या त्या टोकाला तोच हाताला लागला म्हणून. बाहेर आल्यावर पार्किंगमध्येच मी त्याला म्हटलं, कर आईंना फोन. आठ वाजले नव्हते, दुपारचा एक होता, त्यामुळे आईंनी घाबरूनच उचलला, काय झालं रे असं. त्याने सांगितलं. पलीकडून आधी भांड्याचा आवाज आला, मग त्या म्हणाल्या "थांब, मला बसू दे". बसल्या आणि मग त्यांनी मला फोन द्यायला सांगितला. म्हणाल्या, मी कुणाला सांगणार नाही, तू सांगशील तेव्हाच. आणि घाटातून यायचं नाही ह्या वेळी. डॉक्टर म्हणाल्या होत्या की हळू गेलात, थांबत थांबत, तर हरकत नाही, पण मला आता धायरी ते कर्वेनगर गाडीत बसलं तरी मळमळतं, कुंभार्ली घाट कसला जमतोय. त्यामुळे मीच म्हटलं की ह्यालाच पाठवते, तो प्रतिष्ठापनेला जाईल आणि दुसऱ्या दिवशी परत येईल, भावकीत विचारलं तर मला बरं नाही एवढंच सांगायचं ठरलंय. गौरी-विसर्जन झालं की आई इकडे येणार आहेत, आठ दिवस राहायला. नवरा म्हणतो सासरे गेल्यापासून आईने स्वतःहून कुठे यायचं म्हटल्याचं हे पहिल्यांदा.

माझ्या आईला पण सांगितलं, ती आत्ताच चोरओटीचा खण कुठला घ्यायचा विचारतेय, अजून दीड महिना आहे म्हटलं तरी ऐकत नाही. ऑफिसमध्ये एका मॅडमना सांगितलं. बाकी कुणाला नाही.

ह्या रविवारी ताई येतेय बार्शीहून, जीजूंबरोबर. बॉक्समध्ये आता चारच पेढे उरलेत, नवरा काल रात्री फ्रीज उघडून उभा होता, मी म्हटलं ते चार राहू देत.